कपाळावरची लाट

आमच्या पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळ्या ऑपरेटर हेडसेट डोक्यावरून घालत. प्रमिलाताई तो हनुवटीखालून घालत. दाढ दुखणाऱ्या माणसाने गालांना फडकं बांधावं, तसा तो पट्टा हनुवटीखालून निघून त्यांच्या दोन्ही कानांवर चढलेला असे. कारण एकच. डोक्यावर जागा नव्हती. तिथे केस होते.

आता केस तुमच्याआमच्याही डोक्यावर असतात, पण ते नुसते उगवलेले. प्रमिलाताईंचे केस 'बसवलेले' असत. कपाळावर उजवीकडून डावीकडे जाणारी एक मोठी लाट, दोन्ही कानांच्या वरच्या बाजूला एकेक गुंडाळी आणि मानेवर द्राक्षांच्या घडासारखे कुरळे झुपके. मी नोकरीला लागले तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं आणि ही फॅशन जाऊन वीसेक वर्षं झाली होती. ताईंच्या लहानपणी घरात साबणाचं एक कॅलेंडर होतं, त्यावरच्या बाईचे केस असे होते. वर्ष संपल्यावर आईने कॅलेंडर चुलीत घातलं. बाई मात्र मुलीच्या डोक्यात शिरून बसली होती.

मी जवळच्या मासवण गावची. तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालून पहिल्या दिवशी हजर झाले. ताईंनी मला वरपासून खालपर्यंत न बघता फक्त वरच बघितलं.

"हे केस आहेत की सुंभ?"

"वेण्या आहेत."

"सुमन, एक लक्षात ठेव. केस विस्कटले की आवाज विस्कटतो."

"पण ताई, फोनवर केस कुठे दिसतात?"

"दिसत नाहीत. पण कळतात."

मी वेण्या पाठीवर टाकल्या आणि हेडसेट चढवला. आमच्या सुपरवायझर कर्णिकसाहेबांचंही असंच झालं होतं. हेडसेट नियमाप्रमाणे घाला म्हणून त्यांनी एकदा ताईंना बजावलं, "बाई, हे सरकारी उपकरण आहे." ताई म्हणाल्या, "उपकरण सरकारी आहे साहेब, डोकं माझं आहे." साहेबांनी वरिष्ठांना लिहायचं ठरवलं, पण नेमकं काय लिहायचं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी नजर चुकवायला सुरुवात केली. सरकारी कामात तोही एक निर्णयच.

ट्रंक कॉलचे तेव्हा चढत्या घाईचे आणि चढत्या दराचे तीन प्रकार असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. ताईंच्या केसांचेही तेच. रोजचे ते ऑर्डिनरी. लग्नकार्याचे अर्जंट. लाइटनिंग सेटिंग मात्र नोकरीभरात कोणी पाहिलं नव्हतं. "तसा प्रसंग यावा लागतो," असं त्या म्हणत.

हे सगळं होतं तरी कसं, ते बघायला मी एका रविवारी त्यांच्या घरी सातपाटीला गेले. अंगणात मांडव घालून त्यावर बोंबील वाळत टाकले होते आणि मांडवाच्या बाजूला, उन्हाकडे पाठ करून, ताई वाळत बसल्या होत्या. डोक्यावर अळशी उकळून काढलेला चिकट रस थापलेला, आणि केसांची एकेक बट निळ्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळकांड्यावर गुंडाळलेली. ही नळकांडी म्हणजे जाळं पाण्यावर तरंगतं ठेवणारे बोये होते. ताईंचा भाऊ वसंत, बोटीवर जाणारा, दारात उभा राहून ओरडत होता.

"माजं जालं बुरालं! तिकरं जालं बुरतंय आन् हिकरं हिचं डोकं तरंगतंय!"

ताई उत्तर देईनात. केस सुकेपर्यंत त्या बोलत नसत. जबडा हलला की कानावरची गुंडाळी सैल होते, हा त्यांचा शोध. त्यांनी नुसता एक हात वर केला. लाइन व्यस्त आहे, थांबा, असा त्याचा अर्थ.

त्यांची आई बोंबील उलटत माझ्याशी बोलली. "बस गो. बोंबील सुकतीन, पन हिचं डोकं सुकाचं नाय. अर्ध्या गावाला वाटतं, मीच ईला वालत घातलीय."

अळशी संपली तर ताई साखरेचं पाणी वापरत. त्याने केस उत्तम बसतात, पण मुंग्यांनाही ते उत्तम वाटतं. एकदा ऐन दुपारी एका मोठ्या साहेबांचा अर्जंट कॉल जोडताना मुंगी गुंडाळीत शिरली. "हॅलो, बोला साहेब, लाइनवर या... आई आई आई गं!" एवढं त्या साहेबांना स्पष्ट ऐकू गेलं. पलीकडे काय घडलं म्हणून त्यांनी चौकशी केली. कर्णिकसाहेबांनी, "लाइनमध्ये खरखर होती," असं कळवलं.

एवढा खटाटोप कोणासाठी, हा आमच्या डब्याच्या सुट्टीतला कायमचा विषय. ताई चाळिशीला आल्या होत्या, लग्न झालेलं नव्हतं. बायका कधी एखाद्या डॉक्टरचं नाव घेत, कधी पोस्टातल्या कुणाचं. पुरावा कसलाच नव्हता, म्हणून चर्चाही संपत नव्हती. खरी गोष्ट मला त्यांच्या आईने सांगितली. तरुणपणी त्यांना दाखवायचे दोन-तीन प्रसंग झाले. दर वेळी आई म्हणे, आजच्यापुरती साधी वेणी घाल. ताई लाट काढूनच पोहे घेऊन बाहेर येत. "मुलगी नाटकात काम करते काय?" असं विचारून पाहुणे पोहे खाऊन निघून जात. पुढे वडील गेले, घर ताईंच्या पगारावर चालू लागलं, आणि त्यांना दाखवायचा विषय सगळ्यांनाच सोयीस्करपणे आठवेनासा झाला.

पुरावा मिळाला तो मलाच, कारण माझी खुर्ची त्यांच्या शेजारची.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे ट्रंक कॉल रोज आमच्याकडे लागत. तिथल्या बोर्डावर दिनकर सामंत नावाचे ऑपरेटर होते. संथ, स्वच्छ आवाज. बाकीचे लोक 'हॅलो, हॅलो, ओ बाई,' अशी सुरुवात करत. सामंत म्हणत, "नमस्कार पालघर."

"नमस्कार बोईसर. बोला."

कॉल लागायला वेळ असला की ते विचारत, "जेवलात का?" ताई सांगत, जेवले. मग काय जेवलात. मग तिकडे वारा आहे का. एवढंच. आम्ही चोरून ऐकत नसू, पण एकाच खोलीत ऐकू येई त्याला काय करणार? हे बोलणं चालू असताना ताईंचा हात कपाळावरच्या लाटेवरून हलकेच फिरे. असं पाच-सहा वर्षं चाललं होतं. पालघरहून बोईसर ते किती लांब! पण दोघांपैकी कोणीच कधी 'भेटू' म्हटलं नव्हतं. "त्यांनी मी कशी दिसते ते एकदाही विचारलं नाही," ताई मला अभिमानाने सांगत. "सभ्य माणूस आहे."

एका वर्षी त्या कारखान्यात सत्यनारायण होता आणि आम्हा एक्स्चेंजवाल्यांना प्रसादाचं आमंत्रण आलं. ताईंनी दोन दिवस रजा टाकली. तेव्हाच मी ओळखलं, लाइटनिंग.

त्या दिवशीचं डोकं मी कधी विसरणार नाही. लाट अशी उभी होती की तिच्यावर होडी घालावी. एसटीत ताई ताठ बसल्या होत्या, सगळ्या खिडक्या बंद करायला लावून. कंडक्टर वैतागून म्हणाला, "बाई, माणसं गुदमरतायत." ताई म्हणाल्या, "बोईसर येईपर्यंत कोणी मरत नाही."

प्रसाद घेऊन आम्ही बोर्डाच्या खोलीत गेलो. खुर्चीतून एक उंच, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ उठले. डोळ्यांवर काळा चष्मा. चेहरा आमच्याकडे नव्हता, जरासा बाजूला वळलेला, कान आमच्याकडे. एका हाताने टेबलाची कड धरलेली. चेहऱ्यावर देवीचे व्रण.

आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. कर्णिकसाहेब खोकले. मी ताईंकडे बघायचं टाळलं.

"नमस्कार बोईसर," ताई म्हणाल्या. आवाज थोडा विस्कटला होता.

"नमस्कार पालघर." सामंत हसले. "आज आवाज फार जवळून आला." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना? मी सांगायला हवं होतं. दर वेळी सांगेन म्हणायचो, आणि तेवढ्यात कॉल लागायचा."

शेजारी कारखान्याचा एक हेडक्लार्क उभा होता. प्रत्येक कचेरीत असतो तसा, गप्प बसणं म्हणजे कामचुकारपणा समजणारा. तो म्हणाला, "सामंत, आज तुम्हाला डोळे पाहिजे होते राव! बाईंचं डोकं म्हणजे काय सांगू..." दोघंतिघं हसले.

"कसं आहे?" सामंतांनी विचारलं. त्या हेडक्लार्कला नव्हे, ताईंना.

ताई ताठ उभ्या राहिल्या. मग परीक्षेत उत्तर द्यावं तसं सांगू लागल्या, "कपाळावर एक लाट आहे. उजवीकडून उठते, डावीकडे जाते. कानांवर वळवलेल्या दोन गुंडाळ्या. मागे कुरळे."

"लाट पाहिलीय मी," सामंत म्हणाले. "देवी आल्या तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. त्याआधी बघितलीय."

मग प्रमिलाताईंनी जे केलं ते त्या काळात, साहेबांसमोर, सत्यनारायणाच्या दिवशी कोणी केलं नसतं. त्या पुढे झाल्या, मान खाली वाकवली आणि म्हणाल्या, "हात लावून बघा."

सामंतांची बोटं कपाळापासून निघाली. लाटेच्या चढावरून वर गेली, उतारावरून खाली आली, कानावरच्या गुंडाळीत शिरून बाहेर पडली. घाई नव्हती. दोन दिवसांची मेहनत आमच्या डोळ्यांदेखत सपाट होत होती आणि ताई डोळे मिटून उभ्या होत्या. हेडक्लार्कला अचानक प्रसादाची पातेली आठवली. कर्णिकसाहेब भिंतीवरचा वीज कंपनीचा धोक्याचा बोर्ड मन लावून वाचू लागले. त्यावर कवटी आणि दोन हाडं, एवढंच होतं.

महिन्याभरात ताईंनी घरी सांगितलं, सामंतांशी लग्न करणार. धीर द्यायला मला बरोबर नेलं होतं. वसंत उसळला. "सगल्या मुलखाला डोले हायत, तुला ह्योच मिलाला? ना आपल्या जातीचा, ना दर्याचा!" पगाराबद्दल तो काही बोलला नाही, पण तो शब्द त्याच्या ओठांवर दिसत होता.

आई मात्र हळूच म्हणाली, "पमे, इतकी वर्सं डोकं उन्हात सुकवलंस. तो ते कवा बघनार गो?"

"बघणारे बघून गेले, आय," ताई म्हणाल्या. "पोहे खाल्ले आणि गेले."

ताई पुढे म्हणाल्या, "दिवसभर मी ह्याला त्याच्याशी जोडून देते. लोक बोलतात, हसतात, रडतात, फोन ठेवतात. जेवलीस का, असं मला विचारणारा हा एकटा निघाला. सकाळी आरशासमोर बसते ना मी, तेव्हा घरातलं कोणीतरी माझ्याकडे नीट बघतंय असं वाटायचं. ती मीच असायचे."

आईने पदराने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग विचारलं, "मासली खातो का?"

"खातो. पण काटे काढून द्यावे लागतात."

"मंग काय," आई म्हणाली, "काढून देऊ. लहान पोरांना देतोच ना आमी."

लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. बोईसरजवळ सरावलीला एका चाळीत खोली घेतली. डब्याच्या सुट्टीत बायकांनी दोन्ही बाजूंनी हळहळ व्यक्त केली: बिचारीला आंधळा मिळाला, आणि बिचाऱ्याला हे ध्यान. वसंत दोन महिने रुसला, मग एक दिवस पापलेटं घेऊन सरावलीला गेला आणि मेव्हण्याशी गप्पा मारता मारता शेवटची एसटी चुकवून बसला.

ऑफिसात एक बदल मात्र सगळ्यांना दिसला. ताईंची लाट बिघडली होती. कधी ती भुवईवरच फुटे, कधी अर्ध्यावर दम सोडून कानाकडे पळे. एके काळी एक बट हलली तर बोर्ड सोडून आरशाकडे धावणारी ही बाई, आता तशीच बसून दिवसभर कॉल जोडी. संसारात लक्ष घातलं की असंच होतं, असा निकाल बायकांनी दिला. मलाही ते थोडं पटलं.

मग एका रविवारी मी सरावलीला गेले. दार उघडंच होतं. ताई जमिनीवर चटई टाकून बसल्या होत्या आणि मागे स्टुलावर सामंत. अळशीच्या रसात बोटं बुडवून ते एकेक बट सोडवत, बोटांनी तिची जाडी जोखत आणि गुंडाळत. दोघंही बोलत नव्हते. मी आल्याचं त्यांना माझ्या चपलांवरून कळलं. "या सुमनताई," ते म्हणाले, "आजची लाट बघा. आज जमलीय असं वाटतंय."

लाट डाव्या भुवईपासून निघून कुठे जायचं ते विसरली होती.

सामंत हात धुवायला मोरीत गेले. मी ताईंजवळ वाकून म्हटलं, "ताई, वाकडी झालीय. थांबा, मी जरा सरळ..."

ताईंनी माझा हात मनगटाजवळ घट्ट धरला.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "ऐकू येईल त्यांना."