जाऊ द्या तिले!

आमच्या घरमालकीणबाई साठी उलटल्यावर रांगायला लागल्या.

म्हणजे आधी आमची चिमी रांगायला लागली. तेव्हा आम्ही गोंदियाजवळ कुडव्याला सुभद्रामावशींच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. शेजारच्या खोलीत मावशी एकट्या. धाक असा, की भिंतीला खिळा ठोकायची सोय नाही, आणि चपला काढायच्या त्या रस्त्याकडे तोंड करून. माझ्या नवऱ्यानं एकदा कॅलेंडर टेपनं चिकटवलं, तर मावशींनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

त्यामुळे चिमी पहिल्यांदा गुडघ्यांवर उठली आणि थेट मावशींच्या पडद्याखालून आत शिरली, तेव्हा आता नवं घर शोधायचं, असंच मी धरलं. आत डबा आपटल्याचा आवाज झाला. धावत गेले, तर खोलीभर तांदूळ, आणि त्यात दोन्ही हात मारत चिमी बसलेली. मी तिला उचलायला वाकले तशा मावशी कडाडल्या, "जाऊ दे ना वं तिले! तांदूळच तं होत, वेचतो मी. तू काऊन घाबरून राहिली?"

दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्या आमच्या घरात आल्या आणि दारातच हातापायांवर टेकल्या. खाटेखाली, गोदरेजच्या कपाटामागे, कोपऱ्याकोपऱ्यात फिरल्या. बाहेर आल्या तेव्हा मुठीत एक सेफ्टीपिन, मिरचीचं देठ, बॅटरीचा सेल आणि मेलेलं झुरळ.

"तू उभ्यानं झाडते," त्या मला म्हणाल्या, "पोट्टी बसून पाहते."

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या अंगणात दोघींची वरात निघायची. पुढे चिमी, मागे मावशी, दोघीही चार पायांवर. चिमी थांबली की मावशी थांबायच्या. चिमीनं मुंगीकडे टक लावली की मावशीही लावायच्या. एकदा गॅसवाला सिलेंडर घेऊन आला आणि फाटकातच थबकला.

"माताजी, कुछ गिर गया क्या?"

"हाव. मेरी उमर गिर गई. ढूंढ रही हूँ."

समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं विचारलंच, "मावशी, येड लागलं का?"

"लागलं. तुमाले कायले तरास होऊन राहिला?"

चिमीचा सगळा ओढा रस्त्याकडच्या नालीकडे. मी जीव मुठीत धरून ओरडायचे, उचला, उचला. मावशी उचलायच्या नाहीत. नालीच्या काठाला स्वतः आडव्या व्हायच्या. चिमी त्यांच्या पोटावर चढायची, पलीकडचं काळं पाणी पोटभर पाहायची आणि आपणच परत फिरायची. मावशींचं लुगडं चिखलानं माखायचं. "पाहून झालं तिचं," एवढंच म्हणायच्या.

मग सडक अर्जुनीकडून माझ्या सासूबाई आल्या. कष्टाची, सरळ बाई. आल्या दिवशीच चिमी स्वयंपाकघरात शिरली आणि तिनं मी नुकत्याच खाली उतरवलेल्या भाताच्या तापल्या गंजाकडे हात नेला. सासूबाईंनी झडप घालून तिला ओढलं म्हणून वाचली.  मग त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, चिमीच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला.  खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

चिमीनं घर डोक्यावर घेतलं. मावशी तीरासारख्या आल्या आणि गाठ सोडायला बसल्या.

"राहू द्या बाई," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच भाजली असती."

"गंज वर ठेवा ना मग! पोट्टी कायले बांधता? बकरी होय का ते?"

"आमी असेच वाढवले लेकरं. शेतावर कोण नेते? मेले का ते?"

"नाई मेले." मावशींचे हात गाठीवरच थांबले. आवाज खाली आला. "माही लीलाबी नाई मेली."

मावशींना मुलगी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"एवढीच होती. मी धानाच्या रोवण्याले जावो, घरी कोणी नाई. बांधून जावो खाटेले. आधी लय रडे. मग रडणं सोडलं तिनं. मले वाटलं, शहाणी झाली. एक दिवस मी घरी होती तं दोर सोडला, दार उघडं ठेवलं. तरी ते दोराएवढ्यातच फिरे. दाराकडं पाहेच नाई."

मावशींनी चिमीच्या कमरेची गाठ चाचपली.

"दरेकशाले देली तिले. नवरा मारते. म्या म्हटलं, चाल, आपलं घर आहे, खोल्या आहेत. येत नाई. दारातून बाहेरच पडत नाई. लोक म्हणतात, किती गुणाची सून आहे."

चिमी रडून थकली होती. सासूबाई पुढे झाल्या, मावशींचा हात बाजूला केला आणि गाठ स्वतः सोडली. मग ती पट्टी घेऊन त्या स्वयंपाकघराकडे गेल्या. त्या दाराची कडी कधीचीच मोडली होती. सासूबाईंनी दार ओढलं आणि पट्टीनं घट्ट बांधून टाकलं.

"आता हिंडू द्या तिले," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत मागच्या अंगणात गेल्या.

मावशी महिन्यातून एकदा दिवसभर कुठेतरी जायच्या. आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्या महिन्यात गेल्या तेव्हा मी दिवसभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी मावशी एकट्याच परत आल्या. मी पाण्याचा गडवा पुढे केला.

"नाही आल्या लीलाताई?"

"नाई." त्या घटाघटा पाणी प्यायल्या आणि त्यांनी तोंड पुसलं. "पण फाटकापर्यंत आली मले पोहचवाले. सासू आतून बोंबलून राहिली होती, तरी आली. फाटकाले हात लावून उभी होती, मी वळणावर जाईपर्यंत."

जरा वेळानं त्या उठल्या.

"पुढच्या खेपेले टेसनापर्यंत आणतो. वापसीचे दोन तिकीट आधीच काढून ठेवतो. एक वाया गेलं तं गेलं. त्याच्या पुढच्या खेपेले पुन्हा दोन काढतो."