दवाखान्याच्या दारातून परतणारे रोगी

गोपीचंद हा करडी गावाचाच नव्हे, साऱ्या मोहाडी तालुक्याचा सर्वश्रेष्ठ गुप्तहेर होता. तालुक्यात दुसरा गुप्तहेर नव्हता, ही गोष्ट तो गुप्त ठेवी. नुसत्या चपलेवरून तो माणूस ओळखायचा. चप्पल मात्र हमखास दुसऱ्याची निघायची.

१९७८ साली डॉक्टर निर्मलाबाईंनी गावात दवाखाना उघडला. रोगी दारापर्यंत यायचे, वर बघायचे आणि घाम पुसत परत फिरायचे. शेवटी बाईंनी ट्रंक भरायला घेतली.

गोपीचंदच्या बायकोला, कौशल्याबाईला, सातवा महिना होता. ती कडाडली, "डॉक्टरीण गेली तं तुमची गुप्तहेरी बाळंतपण करनार हाय का?"

गोपीचंद कडुनिंबाआड दबा धरून बसला. भीतीचं मानसशास्त्र तो कोळून प्यायला होता. "भीती मिशीतून पसरते," असं ठरवून त्याने कंपाउंडर खुशालच्या झुपकेदार मिशा उतरवल्या. रोगी परततच राहिले. वर खुशालची बायको त्याला घरात घेईना. मग संशय स्पिरिटच्या वासावर गेला. गोपीचंदने दारात उदबत्त्या लावल्या. लोक हळू आवाजात विचारू लागले, "कोन गेलं?"

तेवढ्यात पार्वताबाई पोट धरून आली, तिने वर पाहिलं आणि गर्रकन वळली. गोपीचंदने झडप घातली.

"बोला! कोनं पाठवलं तुमाले?"

"पोटानं!"

"मंग परत काहून चालल्या?"

"आंधळा हायेस का बापा? वर पाह्य ना! अक्षराइतून रगत टपकून राह्यलं. मले वाचता येत नाही, पन भेव तं वाटते!"

गोपीचंदने पहिल्यांदाच वर पाहिलं. पाटीवर लालभडक, टोकदार 'दवाखाना'. कान्याकान्यातून थेंब ओघळत होते.

ही पाटी रंगवणारा पेंटर बाबुलाल एरवी टूरिंग टॉकीजसाठी भुताच्या सिनेमांचे बोर्ड रंगवायचा. गोपीचंदने जाब विचारताच तो दुखावला. "माह्या हाताले तेच वळन हाय. अन् हे तं सौम्य काढलं. कवटी खोडली ना!"

"मी हेच म्हनत होतो," गोपीचंदने जाहीर केलं. पार्वताबाई तोवर आत जाऊन गोळी घेत होती.

बाबुलालने पाटी नव्याने रंगवली: पिवळीधमक, गोल गरगरीत, गुबगुबीत अक्षरं. बघणाऱ्याचा चेहराच खुलायचा. बाईंची ट्रंक पुन्हा खाटेखाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले आनंदराव पाटी बघून हसतमुखाने, पिशवी झटकत आत शिरले.

"अर्धा किलो जिलेबी द्या बाई. गरम हाय ना?"

निर्मलाबाईंनी त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. आधी जीभ दाखवा."