हवालदारांचं चालणं

आमच्या सांगलीच्या पेठेतून गणपतीच्या देवळापर्यंत म्हातारी माणसंसुद्धा दहा मिनिटांत पोचतात. हवालदारांना पाऊण तास लागायचा. पायाला काही झालेलं नव्हतं. मूळचा रहिमतपूरकडचा हा सहा फुटी गडी वीस वर्षं पलटणीत धडाधड कवायत करून पेन्शनीत आलेला. आणि चालायचा कसा? टाच टेकवायची, थांबायचं, मग चवडा. मागं सायकलींच्या घंट्या, टांगेवाल्यांच्या शिव्या. हे ढिम्म.

मी कचेरीतला कारकून, सायकलवरून कायम उशिरा धावणारा. मला हे सोंग बघवत नसे. "हवालदार, लढाईवर असेच गेला होतात काय?" असं मी एकदा चहाच्या हॉटेलात सगळ्यांसमोर विचारलं.

ते बशीत फुंकर घालत म्हणाले, "पोचाय काय, कुनीबी पोचतंय भाऊसाहेब. चालाय यावं लागतंय." वर घाईनं जाणाऱ्याला रस्ता दिसत न्हाई म्हणे. त्या रस्त्यात बघण्यासारखं होतं काय? हळदीची पोती आणि शेण.

त्याच वर्षी त्यांच्या बायकोच्या अंगावरून वारं गेलं. वहिनी अंथरुणाला खिळलेल्या आणि हा बाबा रस्त्यात पावलं मोजत फिरतोय, याचा मला संतापच यायचा.

वर्षभरानं एका शनिवारी सकाळी बाजारात दोघं दिसली. हवालदार पुढं, वहिनी रीतीप्रमाणं चार पावलं मागं, डोक्यावर पदर. डावा पाय ओढत होत्या, पण अंतर चारच पावलांचं राहिलेलं. हवालदारांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. माझी जीभ वळवळलीच.

"काय हवालदार, तुमच्यापायी वहिनी खोळंबल्यात की."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "आवं, ह्यांच्या मागं चालायचं म्हंजी घरी जाईस्तवर भाजी सुकतीया."

भाजीवाल्या हसल्या. सगळा बाजार हवालदारांच्या पायांकडं बघत होता. वहिनींच्या पायाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी माझी सायकल अडवली. आता शिव्या खातो, असं मला वाटलं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "काल लय झाक बोललासा. ती भायेर पडाय तयारच न्हवती. लोक पाय बघत्याल म्हनायची. दर शनवारी असंच बोलत जावा. जरा मोठ्यानं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून दर शनिवारी मी बाजारात सायकलवरून उतरतो आणि घसा ताणून त्यांना नावं ठेवतो. कचेरीला उशीर होतो, होऊ दे.