मीटरवर रुमाल

जुनी पिकअप बघायला गेले की दामूअण्णा आधी खिशातला रुमाल काढतात आणि मीटरवर टाकतात. "एकदा आकडा बघितला की डोकं त्याच्याच मागनं धावतं," असं त्यांचं म्हणणं.

अण्णा पेणला आमच्या शेजारी राहतात. तीस वर्षं त्यांनी पेण-रोहा माल वाहिला, त्यामुळे आसपास कोणालाही जुनी डिझेल गाडी घ्यायची असली की तो अण्णांना सोबत नेतो. अण्णा त्याबद्दल चहाशिवाय काही घेत नाहीत. चहा मात्र दोनदा घेतात.

रोह्याकडे कंपन्यांत तासांवर लागणाऱ्या पिकअपना इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं वेगळं मीटर बसवतात. गाडी विकायला निघाली की या मीटरचे तास अचानक निम्म्यावर येतात. अण्णांचा त्याच्यावर विशेष राग.

"मीटराला नको इचारू, काजळीला इचार!"

ड्रायव्हर रोज सकाळी डॅशबोर्डवरच्या देवाला उदबत्ती लावतो. तिच्या धुराने वरचं छत काळं होत जातं. अण्णा त्यावर बोट घासतात, बोटाकडे बघतात, वास घेतात आणि गाडीचं वय सांगतात. मी शाळामास्तर, मला हा सगळा भोंदूपणा वाटायचा. पण त्यांचा अंदाज चुकलेला काही मी पाहिला नाही.

जोहे गावच्या माझ्या मेहुण्याला गणपतीच्या मूर्ती पोचवायला गाडी हवी होती, तेव्हा मीही अण्णांबरोबर रोह्याला बबनशेठकडे गेलो होतो. बबनशेठचा धंदाच जुन्या गाड्यांचा.

"फकस्त बाराशे तास चाललीय, अण्णा," तो म्हणाला.

अण्णांनी बोट वर केलं. "बाराशे तासांत एवढी काजळी? देवाच्या अंगाला वनवा लावलास काय रं?"

जमलेली माणसं खदाखदा हसली. बबनशेठ हसला नाही, आणि विसरलाही नाही.

काकी, म्हणजे अण्णांची बायको, गेल्यावर दोन महिन्यांनी अण्णांनी स्वतःची पिकअप विकायला काढली. सगळ्यात आधी हजर झाला तो बबनशेठ. अण्णांची गाडीही कधीकाळी कंपनीत लागलेली, त्यामुळे तिलाही तासांचं मीटर होतं. गाडीच्या दाराला गॅरेजवाल्याची तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती, तिच्यावर तेव्हाचे किलोमीटर आणि तास लिहिलेले. बबनशेठने ती वाचली, दोन्ही मीटरं वाचली आणि त्याचा चेहरा खुलला.

"या रं सगळे! तीन वर्सांत गाडी पन्नास किलोमीटर हलली नाय, आन इंजिन चाललं दोन हजार तास? अण्णा, लोकांची मीटरं उघडी पाडता, आन तुमच्या घरी किलोमीटर मागं फिरवायची ही गंमत?"

गल्ली गोळा झाली. अण्णांनी आयुष्यात कमावलेली एकच गोष्ट म्हणजे त्यांचा शब्द, आणि तोच पणाला लागला होता. ते आता बबनशेठला फाडून खाणार असं मला वाटलं. अण्णा खाली बघत म्हणाले, "बिघडलंय ते."

मला राहवलं नाही. तासांचं मीटर शंभर टक्के खरं होतं. तीन वर्षं त्या इंजिनाचा आवाज आणि धूर मी सोसला होता. एकदा तर भांडायलाही गेलो होतो आणि दारातूनच परत फिरलो होतो. लकवा आल्यापासून काकी अण्णांना ओळखत नव्हत्या, त्यांच्या हातून घास घेत नव्हत्या. पण अंगणात गाडीचा आवाज आला की त्यांची नजर दाराकडे जायची. "आले व्हय?" म्हणायच्या आणि तोंड उघडायच्या. म्हणून अण्णा दोन्ही वेळा इंजिन चालू करून आत पळायचे आणि पेज भरवायचे. काकी सावकाश जेवायच्या. तासभर लागायचा. तोवर इंजिन चालूच.

हे मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"तुला कोनी इचारलं होतं?" अण्णा माझ्यावर खेकसले.

काहीतरी करायचं म्हणून बबनशेठ गाडीत बसला आणि त्याने चावी फिरवली. इंजिन सुरू होताच अण्णा वळले आणि घाईघाईने घरात गेले.

बराच वेळ झाला तरी ते आले नाहीत, म्हणून मी बोलवायला गेलो. ते स्वयंपाकघरात होते. पातेल्यातली पेज वाटीत काढून झाली होती. मला बघून ते थबकले, मग हातातल्या वाटीकडे बघत राहिले.

"मी त्याला गाडी बंद करायला सांगतो," मी म्हणालो.

"नको," अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे जरा चालू."