खोब्रागडे आणि एकतीस दारं

खोब्रागडे आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा बसायच्या आधी त्यांनी घरातली सगळी दारं उघडून बघितली. बेडरूमचं उघडलं, बाथरूमचं उघडलं, आणि मी "अहो, ते नको" म्हणेपर्यंत बॉम्ब शेल्टरचं लोखंडी दारही उघडलं. सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटमध्ये ही एक जाड भिंतींची खोली असते. युद्ध झालं तर माणसांनी आत बसावं अशी सरकारची इच्छा, पण आमच्याकडे तिथे पाहुणे यायच्या आधी लपवायच्या वस्तू बसतात. इस्त्रीचे कपडे, दोन बॅगा आणि पुण्याहून आणलेलं पुरणयंत्र खोब्रागडेंच्या पायाशी येऊन पडलं.

"मस्त उघडते, वहिनी!" ते म्हणाले. मग शांतपणे सोफ्यावर बसून त्यांनी दोन चमचे साखर मागितली.

हे प्रमोद खोब्रागडे, मूळचे भंडाऱ्याचे. सिंगापूरच्या पुंगोल भागात आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे राहायचे. एका अवाढव्य व्हिडिओ गेम कंपनीत नोकरी. माणूस काय करतो हे विचारल्यावर बाकीचे इंजिनियर अर्धा तास सांगतात आणि शेवटी काही कळत नाही. खोब्रागडेंचं एका वाक्यात कळायचं.

"मी न उघडणारी दारं बनवतो."

हे शब्दशः खरं होतं. त्या कंपनीच्या गेममध्ये अख्खं शहर असायचं. हजारभर माणसं वर्षानुवर्षं खपायची. कोणी नुसते ढग करायचं, कोणी घोड्याची आयाळ. खोब्रागडेंच्या वाट्याला दारं. लाकडाच्या रेघा, गंजलेली कडी, उंबऱ्यावर झिजलेला रंग, सगळं इतकं हुबेहूब की हात लावावासा वाटे. पण खेळणाऱ्याने कितीही धडका मारल्या तरी दार उघडायचं नाही, कारण त्याच्यामागे काही केलेलंच नसायचं.

"बडा घर पोकळ वासा," मी म्हटलं.

"वासा पण नाही, वहिनी. नुसता रंग."

माझी मुलगी इरा तेव्हा चौदा वर्षांची, त्या गेमची भक्त. ती उसळून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, बट द ग्राफिक्स सो नाइस लाह! स्मॉल गेम्स ऑल सो बोरिंग वन." त्यावर खोब्रागडेंनी बोट वर करून ते वाक्य म्हटलं, जे पुढे पाच वर्षांत मी किमान दोनशे वेळा ऐकलं: "बेटा, गेम मोठा नसते. बजेट मोठं असते."

हा 'गेम नसते' आमच्या पुणेरी कानांना सुरुवातीला टोचायचा. पुढे मीच ऑफिसात एकाला "तो येते ना आज?" असं विचारलं आणि नाद सोडला.

खोब्रागडेंच्या पत्नी, सुजाताताई, भंडाऱ्याला शाळेत शिक्षिका. कायमची नोकरी, सोडणं शक्य नाही. खोब्रागडे दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि आपल्याकडे दोन वर्षांचं जे होतं तेच झालं. त्यांची मुलगी चिऊ चार वर्षांची असताना त्यांनी सुट्टीत तिला कंपनीचा गेम दाखवला. मोठ्या अभिमानाने म्हणाले, "हे दार बाबाने केलं." चिऊ म्हणाली, "उघड ना." ते उघडेना. दुसरं दाखवलं. "हे तरी उघड." शेवटी पोरगी म्हणाली, "बाबा, तुला दार बनवता नाही येत," आणि आजीकडे निघून गेली.

हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. पण परत आल्या आल्या त्यांनी स्वतःचा गेम करायला घेतला. सुट्टीच्या दिवशी, एकट्याने, घरच्या कॉम्प्युटरवर. इथे नोकरीच्या परवान्यावर दुसरी कमाई चालत नाही, म्हणून गेम फुकट वाटायचा असं पहिल्याच दिवशी ठरलं. एक गल्ली. एकतीस दारं. आणि प्रत्येक दार उघडणार.

"चिऊ मोठी व्हायच्या आत झाला पाहिजे," ते म्हणाले. एवढीच मुदत होती आणि तीच त्यांना पाळायची होती.

गेम साधाच. गल्लीत लपाछपी चालू आहे, राज्य तुमच्यावर आहे. दारं वाजवत लपलेले सात सवंगडी शोधायचे. गल्लीत एक मारकुटी गाय फिरते, तिने गाठलं की आउट. पण दार उघडल्यावर आत जो असेल तो काहीतरी बोललाच पाहिजे, आणि प्रत्येकाचं बोलणं वेगळं, हा खोब्रागडेंचा हट्ट. एका दारामागे चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी लेझीम शोधणारे काका. एका दारामागे दोन बहिणी, एकीने दुसरीच्या वेणीत च्युइंगगम चिकटवलेलं. एका दारामागे नुसतंच कोणीतरी "कोण आहे?" म्हणतं आणि झोपून जातं.

एकेका दाराला दोन-दोन महिने लागायचे. दर रविवारी सकाळी खोब्रागडे माझ्याकडे येऊन विचारायचे, "वहिनी, जावई घरी आला आहे, सासू दार उघडते. काय बोलते?" मी पोहे परतता परतता वाक्यं सांगायची, ते लिहून न्यायचे. कंपनीत म्हणे एका वाक्यावर चार मीटिंगा होतात. इथे कढीपत्ता तडतडेपर्यंत सासू, जावई आणि मेहुणी तिघं बोलून मोकळे.

मी त्यांना रागवायची. "अहो, पंचवीस दारं पुरे झाली. संपवा आता."

"आणि बाकीची सहा? ती काऊन नाही उघडत म्हणून विचारलं तिने तर?"

पॉझच्या बटणावर त्यांनी लिहिलं होतं, 'टाइमप्लीज'. आणि सुरुवातीलाच आणखी एक बटण: 'कच्चं लिंबू'. ते दाबलं की गाय अंगावर येते, हंबरते, पण आउट करत नाही. आपल्याकडे खेळात सगळ्यात लहान पोराला असतं तसं. खेळायला मिळतं, पळायला मिळतं, राज्य येत नाही.

"चिऊसाठी," खोब्रागडे म्हणाले. "हरली की फार रडते. अर्धा-अर्धा तास."

अखेर एकतिसावं दार उघडलं, तेव्हा कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये छोट्या गेमवाल्यांचं एक प्रदर्शन होतं. चिऊची परीक्षा चालू होती, म्हणून खोब्रागडे म्हणाले, आधी इथे चारचौघांत दाखवू. इंग्रजी भाषांतर अर्थातच मी केलं. माझं इंग्रजी उत्तम आहे असा माझा समज होता, आणि वेळ कमी होता. 'कच्चं लिंबू'चं मी बेधडक 'रॉ लेमन' करून दिलं.

प्रदर्शनात इतर टेबलांवर रॉकेटं उडत होती. खोब्रागडेंच्या टेबलावर एक गल्ली आणि एक गाय. तासभर कोणी फिरकलं नाही. खोब्रागडे ताठ उभे, पण हात सारखे रुमालाला पुसत होते. मग आमच्या मजल्यावरच्या लिम आंटी आल्या, सत्तरीच्या, हातात भाजीची ट्रॉली. शेजारधर्म म्हणून बसल्या. बटणं वाचली आणि म्हणाल्या, "रॉ लेमन! वा, दिस वन मस्ट बी व्हेरी सावर. हार्डेस्ट वन, इझ इट? ओके, आय ट्राय."

मी कपाळाला हात लावला. आंटी मात्र सुटल्या. गाय चार वेळा अंगावर आली, चारही वेळा आंटी किंचाळल्या आणि प्रत्येक वेळी वाचल्या. त्यांना वाटलं, हे आपलं कसब. ट्रॉली विसरून त्यांनी एकतीसच्या एकतीस दारं उघडली. बघायला गर्दी जमली. शेवटी मागे वळून त्यांनी विचारलं, "हाउ कम आय नेव्हर डाय?"

खोब्रागडेंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सगळ्या हॉलला समजावलं. आमच्या गावात सगळ्यात लहान मुलाला कोणी खेळातून काढत नाही. त्याला कच्चं लिंबू म्हणतात. तो नेहमी खेळतो.

आंटींनी ट्रॉली जवळ ओढली. मग म्हणाल्या, "गुड गेम. व्हेरी गुड. माय होल लाइफ नोबडी लेट मी बी दिस लेमन." दुपारपर्यंत टेबलापुढे रांग होती, आणि जो तो रॉ लेमनच मागत होता. रॉकेटवाला पोऱ्या स्वतः येऊन तीन दारं उघडून गेला. शेवटी पडद्यावर नावं यायची. कंपनीच्या गेममध्ये खोब्रागडेंचं नाव हजारांत कुठेतरी सर्रकन जातं. इथे दोनच ओळी होत्या: 'केलं प्रमोदने. दारामागची माणसं बोलली ती वहिनींच्या स्वयंपाकघरात.' मी फोटो काढून पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पुण्याहून 'ठीक आहे' असं उत्तर आलं, म्हणजे पुण्याच्या मानाने जाहीर सत्कारच झाला.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी चिऊला गेम पाठवला. मला बोलावलं होतं. भंडाऱ्याला सुजाताताईंनी फोन लॅपटॉपसमोर धरला. आम्हाला पडदा दिसत होता आणि चिऊची वेणी. खोब्रागडेंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"बाबा, हे कच्चं लिंबू कोणासाठी आहे?"

"तुझ्यासाठी, बेटा. दाब ते."

"मी चौथीत आहे ना बाबा!" ती हसली. "मला नको. मी साधंच खेळते."

तिसऱ्या दाराशी गाईने तिला गाठलं. आउट. खोब्रागडे खुर्चीतून अर्धवट उठले. "बेटा, रडू नको, ते बटण दाब, मग ती गाय..."

"परत," चिऊ म्हणाली. पुन्हा आउट. "परत." पाचव्या खेपेला तिने सातही सवंगडी शोधले, सगळी दारं उघडली, मग मागे वळून म्हणाली, "बाबा, एकदम भारी आहे. सगळी उघडतात. मी मैत्रिणींना दाखवू?"

"दाखव ना. सगळ्यांना दाखव." त्यांची छाती दोन इंच फुगली होती.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "बघा, जिंकलात. चार वेळा आउट झाली, पण डोळ्यांत पाणी नाही. गुणाची पोर आहे."

"आहेच," ते अभिमानाने म्हणाले. मग त्या बंद पडद्याकडे बघत शर्टाच्या बाह्या दुमडू लागले. "वर्षातून दहा दिवस जातो मी. तेव्हा ती पाहुण्यांपुढे राहते ना, तशी शहाणी राहते. हट्ट नाही, रडणं नाही. मला वाटे, मी आलो म्हणून खुश आहे."

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

"हरल्यावर रडायची ती कधी थांबली, वहिनी," ते म्हणाले, "ते मला माहीतच नाही."