म्हातारी गासलाच का थांबते

इनासमामांच्या मोटारीला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त लागे. तिच्या नाकाडामागे पाण्याची एक टाकी होती, ती इतकी गळायची की मोटार कुठून कुठे गेली हे रस्त्यावरच्या ओल्या रेघेवरून सांगता यायचं. दर तीनचार मैलांना टोपणातून वाफ निघे, मोटार दोन आचके देई आणि थांबे. मग मामा डोक्यावरची लाल टोपी सारखी करून बालदी काढत आणि म्हणत, "मी थांबत नाय, म्हातारी थांबते."

लढाई संपल्यावर मिलिटरीने मोडीत काढलेली ही म्हातारी मामांनी कुठून पैदा केली, देव जाणे. तिच्यातून ते पाहुण्यांना वसईची ऐतिहासिक स्थळं दाखवत. सकाळी किल्ला, मग पापडीचं तळं, मग निर्मळचं, शेवटी सोपाऱ्याचं चक्रेश्वर तळं आणि बुरूड राजाचा कोट. स्थळं इतिहासाने नव्हे, टाकीने ठरवली होती. जिथे तळं तिथे मुक्काम, आणि जिथे मुक्काम तिथे इतिहास. मामांचं म्हणणं, लढाया काय नि राजे काय, सगळं पाण्याशेजारीच घडलं, पान्याविना कोन जगलाय.

मी तेव्हा साताऱ्याकडून वसईच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो होतो. विषय इतिहास. पापडीला मामांच्या शेजारी खोली घेतली आणि पहिल्याच रविवारी त्यांनी मला मोटारीत घातलं. किल्ल्यात त्यांनी लढाई अशी सांगितली की माझी पुस्तकं लाजली असती. पुढे कळलं, गाडीत बसणारा बदलला की लढाईही बदलते. माझ्यासारखा घाटावरचा भट बसला की मराठे एका उडीत तट चढत. चर्चच्या ओळखीचं कोणी बसलं की फिरंग्यांची तोफांची दारू सर्दावलेली असे, नाहीतर मराठ्यांची काय बिशाद होती. एकदा दोन्ही तऱ्हेची माणसं एकत्र बसली, त्या दिवशी किल्ला दुपारपर्यंत कोणीच जिंकेना. मी सनावळी सुधारायला गेलो की मामा समजुतीने मान हलवत आणि म्हणत, "तुमचंबी बरोबर. पन हे लिहून घ्या, मास्तर." मी चरफडत लिहून घ्यायचो आणि घरी येऊन खोडायचो.

एवढा बोलका माणूस एका ठिकाणी मात्र गप्प होई. निर्मळहून सोपाऱ्याला जाताना वाटेत गास लागतं. तिथे एका केळीच्या वाडीच्या फाटकाशी म्हातारी दर खेपेला न चुकता आचके द्यायची. फाटकात एक माणूस भरलेली बालदी घेऊन उभाच असे. तो मुकाट्याने बालदी पुढे करी, मामा मुकाट्याने टाकीत ओतत, रिकामी बालदी खाली ठेवत आणि हँडल मारत. एक शब्द नाही. मी विचारलं तर म्हणाले, "गासला इतिहास नाय."

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझे वडील, अण्णा, आले. जन्मभर खेड्यातल्या शाळेत इतिहास शिकवला, वसईचा किल्ला फळ्यावर शेकडो वेळा काढला, पण पाहिला नव्हता. आणि आता पाहायचा म्हटलं तर डोळे गेले होते. उजेड-अंधार एवढंच कळायचं. मला वाटत होतं, कशाला नेऊन त्यांना हळहळायला लावायचं. मामांनी ऐकलं नाही. त्यांनी अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, किल्ल्यात हाताला धरून उतरवलं आणि त्यांचा तळवा तटाच्या दगडावर ठेवला.

"हात लावा, अन्ना. इथं तोफेचा गोळा बसला. खड्डा लागतो का बघा."

अण्णांना खड्डा लागला. तो गोळ्याचा होता की पिंपळाच्या मुळाचा, हे मी मुळीच बोललो नाही. मामांनी त्यांना किल्ल्यातली कमान चाचपायला लावली, पापडीच्या तळ्यात पाय सोडून बसवलं, निर्मळच्या घाटाच्या पायऱ्या मोजायला लावल्या. अण्णा लहान मुलासारखे हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

गासला अण्णांना तहान लागली. फाटकातल्या माणसाने तांब्या आणून दिला. अण्णा पाणी प्यायले आणि म्हणाले, "वा, काय गोड पाणी. मामा, तुम्हीपण घ्या."

"मला तहान नाय," मामा म्हणाले आणि तोंड फिरवून टोपण घट्ट करत बसले. पुढे निघाल्यावर अण्णा हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "अरे, तिथे दोन माणसं होती आणि दोघंही श्वास रोखून उभी होती. काय भानगड आहे?" मला डोळे असून दिसलं नव्हतं.

अण्णा गावी परतले ते किल्ला पाहिला असं सगळ्यांना सांगत. मामांचे उपकार कसे फेडावेत हे मला कळेना. मोबदल्याचं नाव काढलं तर ते चार दिवस बोलले नसते. शेवटी मला एक झकास युक्ती सुचली. मामा एका लग्नाला सांडोरला गेलेले पाहून मी बाजारातल्या तांबटाला बोलावलं आणि ती टाकी चांगली झाळून घेतली. थेंब गळेल तर शपथ. मास्तर माणूस कधी नव्हे तो उपयोगाचं काम करतो, तेव्हा त्याला किती फुगायला होतं म्हणून सांगू.

रविवारी मी मुद्दाम मोटारीत बसलो. पापडीला वाफ नाही. मामांनी दोनदा खाली उतरून टोपण पाहिलं. मग मला राहवेना, मी सांगून टाकलं. वाटलं, आता मिठी मारतील. मामांनी टोपण पुन्हा लावलं. "बरं केलंत, मास्तर," एवढंच म्हणाले आणि निर्मळपर्यंत एकही राजा मेला नाही की एकही किल्ला पडला नाही.

निर्मळच्या तळ्याशी मोटार उभी करून ते पायरीवर बसले. मी जवळ जाऊन काय चुकलं म्हणून विचारलं. तेव्हा ते बोलले, ते माझ्याकडे न बघता. गासच्या फाटकातला तो माणूस म्हणजे पेद्रू, त्यांचा धाकटा भाऊ. वाडी दोघांची, विहीर एक, रहाट एक. पाच वर्षांपूर्वी रहाटाच्या पाळीवरून जुंपली. पहाटेचं पाणी कोणी घ्यायचं, एवढंच. शब्दाला शब्द लागला आणि मामांनी गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली, या विहिरीचं पाणी पुन्हा तोंडात घेणार नाही. त्याच पावली वाडी सोडून पापडीला आले आणि मोटार धरली.

"शपथ माझ्या तोंडाची होती," मामा म्हणाले. "म्हातारीची नव्हती."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. निर्मळचं तळं पवित्र, तिथलं पाणी जास्त घेऊ नये, असं म्हणून मामा तिथे नेहमी अर्धीच बालदी ओतायचे. अर्ध्या बालदीत म्हातारी नेमकी गासपर्यंत पोचायची. आणि मी दीडशहाण्याने उपकार फेडायला म्हणून भावाभावांमधली ती एकुलती एक गळती झाळून बुजवली होती. मला स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावंसं वाटलं.

आम्ही निघालो. गास जवळ आलं तशी मामांनी मोटार हळू केली, पण थांबवायला कारण सापडेना. फाटकात पेद्रू बालदी घेऊन उभा होता. त्याने वाफ शोधली, मग मामांचा चेहरा शोधला. मामांनी मान सरळ ठेवली. आम्ही फाटक ओलांडलं, वीसेक पावलं पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तर तो धुळीत तसाच उभा, बालदी हातात.

"दादा," मागून हाक आली. "आज पानी नको?"

पाच वर्षांतला तो पहिला शब्द. मामांचा पाय ब्रेकवर पडला तो असा की माझं कपाळ समोर आपटलं. ते उतरले आणि चालत मागे गेले. मीही कपाळ चोळत मागोमाग गेलो. पेद्रूने सवयीने बालदी पुढे केली. मामांनी ती घेतली नाही. लाल टोपी काढून काखेत धरली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"मोटारीला नको," ते म्हणाले. "मला दे."

पेद्रूने बालदी अशी कलती केली की निम्मं पाणी मामांच्या सदऱ्यावर सांडलं. मामा प्यायले, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायले. तोंड पुसायच्या निमित्ताने दोघांनीही बराच वेळ डोळे पुसले. मी केळीकडे बघत उभा राहिलो. माझ्याच्याने दुसरीकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी सोपाऱ्याचा राजा तसाच राहिला. पेद्रू आम्हाला आत घेऊन गेला. विहिरीच्या काठावर हात टेकून मामा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ही विहीर आमच्या आज्यानं खनली. दोघा भावांना पुरंल एवढी. लिहून घ्या, मास्तर."

मी लिहून घेतलं. मामांनी सांगितलेल्या सगळ्या इतिहासातलं तेवढं एकच वाक्य मी घरी येऊन खोडलं नाही.