सर्वांच्या सोयीची वेळ

तीन सॉफ्टवेअरपैकी कोणतं विकत घ्यावं, याचा योगेंद्र खालापूरच्या आपल्या कार्यालयात बसून विचार करत होता, आणि जितका विचार करावा तितका गोंधळ वाढत होता. तो जमिनींची खाजगी मोजणी करून देत असे. मोजणीचं काय, यंत्र असतं, होऊन जाते. खरा घाम फुटतो तो सगळ्या भावकीला एकाच दिवशी एका बांधावर उभं करताना. एखादा जरी आला नाही, तरी नंतर येऊन तो हद्दीची खुंटी उपटतो. म्हणून सगळ्यांना मोबाइलवरच वेळ ठरवता येईल असं काहीतरी घेऊया, असं त्याच्या सहायक हर्षलाने सुचवलं होतं. तिन्ही कंपन्यांनी आधी फुकट वापरून बघायला दिलं होतं.

प्रयोगाला सापडल्या कळंबच्या सोनुबाई. त्यांच्या न्हाणीची भिंत पडली होती. हद्द त्या भिंतीतूनच जाते, तेव्हा मोजणी होईपर्यंत वीट लावायची नाही, असं येसाजी आणि सखा या दोन्ही दिरांचं म्हणणं होतं. दिरांचं एकमत झालेली एवढी एकच गोष्ट. सोनुबाई ताडपत्रीच्या आडोशाला आंघोळ करत होत्या. वारा सुटला की एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात ताडपत्री.

"सायब, ह्या वयात मी ताडपत्री धरून न्हायाचं का?" त्यांनी फोनवर विचारलं, आणि योगेंद्रला मनापासून वाईट वाटलं.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कोणता वार निवडला ते सगळ्यांना दिसत होतं. येसाजींनी मंगळवार निवडला. ते बघून सखाने लगेच हर्षलाला फोन करून मंगळवार जमत नसल्याचं कळवलं. थोड्या वेळाने येसाजींचाही फोन आला.

"मंगळवार काढ गं पोरी."

"अहो काका, तुम्हीच दिलात ना?"

"सख्याला नको म्हंजे मंगळवारात कायतरी असंल."

हर्षलाने दुसरं सॉफ्टवेअर लावलं. त्यात नावं दिसत नव्हती. एकाने बुधवार निवडला आहे, एवढंच दिसत होतं. तो एक कोण, हे विचारायला दोन्ही दिरांनी दिवसभर फोन केले. हर्षलाने दाद दिली नाही. मग तो दुसरा भाऊच असणार असं दोघांनीही परस्पर ठरवलं आणि बुधवार बाद केला. तो निवडला होता बिचाऱ्या सोनुबाईंनी.

तिसरं सॉफ्टवेअर कोणाला विचारतच नव्हतं. त्याने स्वतःच गुरुवारची सकाळ ठरवली आणि सगळ्यांना फक्त 'येणार' हे बटण दाबायला सांगितलं. सोनुबाईंनी दाबलं. दिरांपैकी जो आधी दाबेल तो वाकला असं गावात झालं असतं, म्हणून त्या दोघांपैकी कोणीच दाबलं नाही. शेवटी बुधवारी संध्याकाळी उद्याची मोजणी रद्द झाल्याचा निरोप सॉफ्टवेअरने सगळ्यांना धाडला आणि योगेंद्रच्या मोकळ्या झालेल्या सकाळी कुंभिवलीच्या एका कारखान्याचं काम लावून दिलं. तो बरा आज्ञाधारक. हर्षलाला घेऊन कुंभिवलीला गेला.

तिथे यंत्र उभं करतोय तोच सोनुबाईंचा फोन.

"सायब, तुमी कुठं हाय? हितं सगळी जमलीत."

"जमलीत? अहो, मोजणी रद्द झाली ना?"

"म्हणून तर जमलीत."

योगेंद्रला काही कळेना. सोनुबाईंनी मग सगळं सांगितलं. 'रद्द'चा निरोप वाचून येसाजींची खात्री पटली, की आपल्याला घरी बसवून सखा परस्पर मोजणी उरकणार. ते सकाळीच न्हाणीपाशी येऊन उभे राहिले. सखालाही हीच शंका आली होती. तो दोन्ही मुलांना घेऊन आला. आता आपण निघालो तर मागे दुसरा काय करील याचा भरवसा नव्हता, म्हणून कोणीच हलत नव्हतं. सोनुबाईंनी दोन्हीकडे चहा दिला होता.

"लवकर या. ही जायची नाय, पन माज्या घरातली साखर जाईल."

कारखान्यातल्या साहेबांची समजूत घालायला हर्षलाला तिथेच ठेवून योगेंद्रने गाडी काढली. कळंबला दोन्ही भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते आणि यंत्र दिसताच दोघंही एकदम उठले. मोजणी झाली, तर हद्द भिंतीला शिवतही नव्हती. दोघांनी ती आपापल्या पावलांनी पुन्हा मोजली, पुन्हा तिथेच निघाली. खुंटी ठोकताना दोघेही वाकून बघत होते, आणि सोनुबाईंनी लगेच गवंड्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी हर्षलाने विचारलं, "सर, मग कोणतं घ्यायचं?"

"तिसरं."

"पण ते मोजणी रद्द करतं."

"म्हणूनच."

हर्षलाने पुढचं काम उघडलं. नेरळजवळची जमीन, चार भाऊ, एकमेकांचं तोंड न बघणारे.

"यांना तारीख कोणती देऊ?"

"कोणतीही दे," योगेंद्र म्हणाला, "आणि आदल्या संध्याकाळी रद्द कर. मी सकाळी लवकर निघतो."